मॅकडोनाल्डचा शेअर अ‍ॅपवर सापडंना, मग ही कंपनी हाय तरी कोणाची?

गोदाकाठचा_बाळू (गंगाखेड)

राम राम मंडळी. प्रश्न येडचाप वाटंल पण विचारतोच. आमचे दाजी चाकणला कंपनीत हायेत, मागच्या महिन्यात बहिणीकडं पुण्याला गेल्तो, तिथं भाच्यांनी बर्गर बर्गर करून जीव खाल्ला म्हणून मॅकडोनाल्डमधी नेलं, रविवारचा दिवस, मरणाची गर्दी, ऑर्डर द्यायला वीस मिनटं अन् बसायला जागा न्हाई, एका पायावर उभं राहून खाल्लं. दाजी काउंटरकडं बोट करून म्हणले, बाळू, आपल्याकडं जत्रंत बी एवढी रांग नसती, कापसाचे पैसे आलेत ना, त्यातले थोडे ह्या कंपनीच्या शेअरमधी टाकून ठिव.

घरी येऊन अ‍ॅपवर मॅकडोनाल्ड टाकलं तर काहीच येईना. डॉमिनोज टाकलं, न्हाई. केएफसी टाकलं, न्हाई. मग यूट्यूबवर बघितलं तर तो बाबा वेस्टलाईफ, ज्युबिलंट, देवयानी, सफायर आसली नावं घ्यायलाय, मला वाटलं साबणाच्या कंपन्या हायेत. त्यात बायकोनं शर्ट धुवायला टाकताना खिशातलं बिल काढून दिलं, त्याच्यावर कंपनीचं नाव हार्डकॅसल रेस्टॉरंट्स प्रायव्हेट लिमिटेड. पाटी एकाची, बिल दुसऱ्याचं, शेअर तिसऱ्याचा. ही काय भानगड हाय कोणी नीट सांगंल का? इंग्रजी लिंक देऊ नका, डोकं दुखतंय.

लातूरचा_आर्टिकल

बाळू भाऊ, येडचाप काही नाही, आमच्या सीएच्या ऑफिसात सुद्धा अर्ध्या पोरांना हे माहीत नसतं.

बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, शेत लावल्यासारखं समजा. इथं शेत म्हणजे नाव. पाटी, रेसिपी, काम करायची पद्धत ही अमेरिकेतल्या कंपनीची. दुकान उभं करायचा पैसा, जागेचं भाडं, पोरांचे पगार, लाईटबिल हे सगळं इथल्या कंपनीनं करायचं. आणि मालकाचा वाटा, ज्याला रॉयल्टी म्हणतात, तो विक्रीवर असतो, नफ्यावर नाही, हे नीट ध्यानात ठेवा. म्हणजे खळ्यावर माल आला की आधी मालकाचं पोतं उचलायचं, खताफवारणीचा खर्च निघाला का नाही ते तुझं तू बघ.

आता मॅकडोनाल्डचं. भारतात पहिलं दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला निघालं आणि त्याच वर्षी मुंबईत बांद्र्याच्या लिंकिंग रोडला. अमेरिकेच्या कंपनीनं दोन भागीदार धरले, दोघांशी पन्नास-पन्नास टक्के, आणि भावकीत रान वाटतेत तसा देश वाटून दिला. उत्तर आणि पूर्व विक्रम बक्षी यांच्या कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्सला, पश्चिम आणि दक्षिण अमित जटिया यांच्या हार्डकॅसलला. आपण पश्चिमेत येतो म्हणून तुमच्या बिलावर हार्डकॅसल. पुढं २०१०-११ च्या सुमारास जटियांनी अमेरिकेच्या कंपनीचा हिस्साच विकत घेतला, तेव्हापासून इकडची दुकानं पूर्ण त्यांची, फक्त नाव वापरायचं लायसन आणि त्याची रॉयल्टी. हार्डकॅसल ही वेस्टलाईफच्या पोटातली कंपनी आहे आणि शेअर बाजारात आहे ती वेस्टलाईफ. आधी तिचं नाव वेस्टलाईफ डेव्हलपमेंट होतं, २०२२ ला वेस्टलाईफ फूडवर्ल्ड केलं.

उत्तरेत मात्र बांध कोरल्यावर जे होतं तेच झालं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बक्षींना मॅनेजिंग डायरेक्टर पदावरून काढलं, ते गेले कंपनी लॉ बोर्डात, म्हणजे कंपन्यांची भांडणं ऐकणाऱ्या कोर्टासारख्या मंडळात, मग तारीख पे तारीख. २०१७ ला तर कळस झाला, जूनमध्ये दिल्लीतली ५५ पैकी ४३ दुकानं बंद पडली कारण खाद्यगृहाचं लायसनच रिन्यू झालेलं नव्हतं, जुलैत कंपन्यांच्या ट्रिब्युनलनं (तसंच कोर्ट) बक्षींना परत खुर्चीवर बसवलं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कंपनीनं त्यांच्या १६९ दुकानांचा करारच रद्द केला. म्हणजे शेत तुझं राहू दे पण आमचं बियाणं पेरायचं नाही. पाटी मात्र बराच काळ तशीच लटकत होती. शेवटी मे २०१९ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं, बक्षींचा अर्धा हिस्सा अमेरिकेच्या कंपनीनं घेतला आणि २०२० मध्ये उत्तरेचा कारभार संजीव अग्रवाल यांच्या एमएमजी ग्रुपकडं गेला, हे लोक मूळचे कोकाकोलाच्या बाटल्या भरणारे.

गोदाकाठचा_बाळू

हाव का! म्हणजे दिल्लीतल्या रांगंचा पैसा वेस्टलाईफला येतच न्हाई?

लातूरचा_आर्टिकल

एक रुपया नाही. आणि तुमच्या पुण्याच्या रांगेचा दिल्लीवाल्याला नाही.

किचनवाला_नांदेड

बटईचं उदाहरण लई भारी पण अमेरिकेत तर ह्यांनी खरोखरची जमीनच धरली, तो किस्सा सांगायलाच पाहिजे.

मी आधी माझं सांगतो, पुण्यात कॉलेज करताना दोन वर्ष एका बर्गरच्या चेनमधी फ्राईजच्या स्टेशनला होतो, नाव घेत न्हाई. बटाटा पिशवीत गोठलेला येतो, एका मापाचा, कापलेला. जाळीची टोपली तेलात सोडली की टायमर लागतो, वाजला की काढायची, मीठ वरून किती झटके ते बी ठरलेलं. तळून ठेवलेले सात मिनटात गेले न्हाईत की कचऱ्यात. पहिल्या दिवशी मला ते फेकवंना, हातात ट्रे घेऊन उभा राहिलो, मॅनेजर म्हणला काय झालं? आमच्या आजीनं बघितलं असतं तर तिथंच पायतान काढलं असतं. अन् काम करताना दोन पावलाच्या पलीकडं काही ठेवलेलंच नसायचं, हात लांब केला की पाव, वळलं की डबा.

नंतर कळलं की ही सगळी अक्कल मॅकडोनाल्ड भावांची. रिचर्ड अन् मॉरिस, कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला १९४० ला हॉटेल टाकलं, चांगलं चाललेलं, तरी १९४८ ला ते बंद करून गाडीपाशी ऑर्डर घेणाऱ्या पोरी काढल्या, पंचवीस पदार्थाचे नऊ केले, बर्गर १५ सेंटला, अन् किचन कसं पाहिजे ते टेनिस कोर्टावर खडूनं आखून माणसं त्याच्यावर फिरवून बघितली. आपल्याकडं नवीन घराला चुन्यानं फक्की मारतेत तसं.

१९५४ ला तिथं रे क्रॉक आला, वय ५२, मिल्कशेक घुसळायची मशीन विकायचा. एका मशीनला पाच दांडे, साधं हॉटेल एक घेतं अन् ह्या भावांनी आठ घेतलेल्या, म्हणून बघायला आला की एवढं घुसळतेत तरी कोण. तिथून त्यानं फ्रँचायझी, म्हणजे त्यांच्या नावानं दुकान चालवायची परवानगी, वाटायचा हक्क घेतला अन् एप्रिल १९५५ ला शिकागोजवळ डेस प्लेन्सला पहिलं दुकान टाकलं. पण करारात फसला. दुकानदाराकडून ९५० डॉलर एकदा अन् मग विक्रीच्या १.९ टक्के, त्यातला अर्धा टक्का भावांना. एवढ्यात काय पोट भरतंय, नाव मोठं अन् खिसा रिकामा.

तवा हॅरी सोनबोर्न नावाचा माणूस आला अन् म्हणला बर्गरचं सोड, जागा धर. १९५६ ला फ्रँचायझी रिअल्टी नावाची वेगळी कंपनी काढली. कंपनी आधी जागा वीस वर्षाच्या कराराने घ्यायची अन् तीच दुकानदाराला जास्त भाड्यानं लावायची. दुकानदार वाकडा वागला की जागाच काढून घेता येती, आता कर भांडण! म्हणजे बटई बी ह्यांचीच अन् ठोका, ठरलेलं भाडं, त्यो बी ह्यांचाच. ह्या भाड्याच्या जोरावर पुढं कर्ज मिळालं अन् १९६१ ला २७ लाख डॉलर मोजून भावांकडून नावासकट सगळं घेतलं. भावांनी सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान तेवढं ठेवून घेतलं पण त्याला स्वतःचं आडनाव लावता येईना, मग त्याला बिग एम नाव दिलं, तर क्रॉकनं त्याच्याजवळच नवीन मॅकडोनाल्ड टाकलं अन् ते मूळचं बसलं. स्वतःच्या आडनावाला महाग. १९६५ ला कंपनी शेअर बाजारात आली, साडेबावीस डॉलरला एक शेअर. दाजी म्हणतेत तो शेअर हा, पण हा न्यूयॉर्कला मिळतो, आपल्या अ‍ॅपवर नुसतं नाव टाकून येणार न्हाई.

भारतात जागेचा तो खेळ तसा न्हाई बरं, इथं जागा इथलीच कंपनी घेती.

लातूरचा_आर्टिकल

सोनबोर्नचं मला माहीत होतं पण बिग एमचं नव्हतं. बेक्कार केलं राव.

औंढ्याचा_पाहुणा

मी वेगळंच विचारतो, मला शेअर नको, मला दुकान पाहिजे. हिंगोलीला रोडटच जागा हाय आमची. डॉमिनोजची फ्रँचायझी किती लाखाला मिळंल? एक एजंट म्हणायलाय करून देतो.

पडीक_सातबारा

पाहुणे, थांबा! एजंटला एक रुपया देऊ नका, आधी हे वाचा.

माझ्या चुलत्याला असंच गाठलं होतं. एका मोठ्या ब्रँडच्या नावानं ईमेल, लेटरहेड, गोल शिक्का, जागेचे फोटो मागितले, दोन दिवसात मंजुरीचं पत्र सुद्धा आलं. रजिस्ट्रेशनचे पावणेदोन लाख भरले. मग एनओसीचे मागितले तेव्हा मला दाखवायला आणलं पत्र, त्यात मंजुरी "परभानी" ला दिलेली. चुलते म्हणले अमेरिकेची कंपनी हाय, त्यांना स्पेलिंग काय माहीत. सायबरला तक्रार दिली, पैसे गेले ते गेलेच. ब्रँडचा त्यात काही संबंध नव्हता, कोणीतरी त्यांचं नाव वापरून लुटायचा धंदा काढलेला.

आता डॉमिनोजचं सांगतो. भारतातली डॉमिनोजची दुकानं ज्युबिलंट फूडवर्क्स स्वतःच चालवती, पुढं तुम्हाला-आम्हाला फ्रँचायझी देतच नाही. म्हणजे करून देतो म्हणणारा एजंट कोण असंल ते समजून घ्या. तुमची जागा भाड्यानं घेतली तर घेतील, तो वेगळा विषय, त्याला पैसे तुम्ही द्यायचे नसतेत, त्यांनी द्यायचे असतेत.

ही ज्युबिलंट म्हणजे भारतीया बंधूंची, श्याम आणि हरी भारतीया. १९९५ ला डॉमिनोज पिझ्झा इंडिया ह्याच नावानं कंपनी नोंदली, जानेवारी १९९६ ला दिल्लीत पहिलं दुकान, २००९ ला नाव बदलून ज्युबिलंट फूडवर्क्स केलं आणि २०१० च्या सुरुवातीला आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकले, १४५ रुपयाला. बाळू भाऊ, अ‍ॅपवर डॉमिनोज न सापडायचं कारण हे नाव बदलणं. ते मुद्दाम केलं असावं असं माझं मत, कारण एका ब्रँडचं नाव लावून बसलं की दुसरा आणता येत नाही. नंतर त्यांनी डोनटवालं डंकिन आणलं, तळलेल्या कोंबडीचं पॉपाईज आणलं. डंकिन काही आपल्या लोकांना झेपलं नाही, सकाळी सकाळी गोड मेदूवडा कोण खातंय.

मूळच्या डॉमिनोजचा किस्सा तर अजून भारी. १९६० ला मिशिगनमध्ये टॉम आणि जेम्स मोनाहन ह्या दोन भावांनी डॉमिनिक्स नावाचं एक छोटं पिझ्झाचं दुकान उधारी करून घेतलं. जेम्सची दुसरीकडं नोकरी होती, वर्ष व्हायच्या आतच कंटाळला आणि आपला अर्धा हिस्सा टॉमला देऊन बदल्यात जुनी फोक्सवॅगन बीटल घेऊन गेला, तीच गाडी जी पिझ्झा पोचवायला वापरायचे! पुढं जुन्या मालकानं डॉमिनिक्स नाव वापरू देईना म्हणून १९६५ ला डॉमिनोज झालं. लोगोवरचे तीन ठिपके म्हणजे तेव्हाची तीन दुकानं, प्रत्येक नव्या दुकानाला एक ठिपका वाढवायचा विचार होता, बरं झालं सोडला. १९९८ ला टॉमनं कंपनी बेन कॅपिटल ह्या गुंतवणूक कंपनीला जवळजवळ शंभर कोटी डॉलरला विकली.

जेम्सला त्या दिवशी झोप लागली असंल का हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

गोदाकाठचा_बाळू

आमच्या इथं एकानं रोडटच दीड एकर देऊन बुलेट घेतलीय. तो झोपतोय निवांत.

धाराशिवची_लेक

केएफसीचं कोणी सांगितलंच नाही, मी सांगते. ह्यात तर मालक इतक्या वेळा बदलले की कोंबडीला सुद्धा आपण कोणाच्या ते कळत नसेल.

कर्नल सँडर्सनं १९३० ला केंटकीतल्या कॉर्बिनला पेट्रोल पंपावर जेवण द्यायला सुरुवात केली, पहिली फ्रँचायझी १९५२ ला दिली. १९६४ ला २० लाख डॉलरला कंपनी विकली पण चेहरा मात्र त्याचाच राहिला, तो पगारावर. १९७१ ला ती दारूवाल्या ह्यूब्लाइनकडे गेली, १९८२ ला सिगारेटवाल्या आर जे रेनॉल्ड्सकडे, १९८६ ला पेप्सीकडे. पेप्सीनं आधीच १९७७ ला पिझ्झा हट आणि पुढच्या वर्षी टॅको बेल घेऊन ठेवलेलं. १९९७ ला पेप्सीनं तिन्ही एकत्र वेगळे काढले, त्या कंपनीचं नाव ट्रायकॉन, २००२ पासून यम. म्हणून केएफसी आणि पिझ्झा हटमध्ये पेप्सी मिळते आणि मॅकडोनाल्डमध्ये कोक. मी लहानपणी समजायचे की ते फ्रीजमध्ये जे उरलंय ते देतात.

आता गंमत बघा, भारतात केएफसी चालवणारी देवयानी इंटरनॅशनल ही रवी जयपुरिया यांची आणि हेच जयपुरिया वरुण बेव्हरेजेस मधून पेप्सीच्या बाटल्या भरतात. वरती आर्टिकल दादांनी उत्तरेच्या मॅकडोनाल्डचं कोकवाल्यांबद्दल लिहिलंय, जोडून बघा. देवयानीचा आयपीओ ऑगस्ट २०२१ ला ९० रुपयाला आणि सफायर फूड्सचा नोव्हेंबर २०२१ ला ११८० ला. दोघी यमचेच ब्रँड चालवायला आल्या, आपापले इलाखे धरून. साबणाच्या कंपन्या नाहीत हो त्या बाळू दादा 😄

आणि शेतकऱ्यांच्या पोरांनी हे माहीत ठेवावं, केएफसीचं भारतातलं पहिलं दुकान १९९५ ला बंगळुरूत ब्रिगेड रोडला निघालं आणि १९९६ च्या जानेवारीत नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी ते फोडलं होतं. आमचे बाबा तेव्हा शेतकरी चळवळीत होते, ते आजही केएफसीच्या दारातून आत येत नाहीत, बाहेर गाडीत बसतात. आईस्क्रीम दिलं तर खातात मात्र.

किचनवाला_नांदेड

बाबांना मुजरा 🙏 अन् ताई, शेतकऱ्याचा विषय निघालाच हाय तर, मॅकडोनाल्डनं दुकान काढायच्या सहा-एक वर्ष आधीपासून इथं माल कुठून येणार त्याची जुळवाजुळव केली होती. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून, टिक्की तळोज्याला विस्टाच्या कारखान्यात, फ्राईजचा बटाटा गुजरातच्या मेहसाणाकडून मॅककेनचा. मराठवाड्याच्या वाट्याला काय? खाणारी पोरं, अन् माझ्यासारखे तळणारे.

सदाशिव_पेठेत_भाड्यानं (मूळ अंबाजोगाई)

बर्गर किंग राहिलं आणि ते तर पुण्याचंच प्रकरण आहे.

अमेरिकन बर्गर किंग १९५४ ला मायामीत उभं राहिलं, नंतर पिल्सबरी, ग्रँड मेट्रोपॉलिटन, डियाजियो, टीपीजी, २०१० ला थ्रीजी कॅपिटल, इतक्या हातातून गेलं, २०१४ ला कॅनडाच्या टिम हॉर्टन्सशी एकत्र करून रेस्टॉरंट ब्रँड्स इंटरनॅशनल झालं. भारतात पहिलं दुकान नोव्हेंबर २०१४, दिल्ली. इथल्या कंपनीचा आयपीओ डिसेंबर २०२० ला ६० रुपयाला आला तेव्हा नाव बर्गर किंग इंडिया होतं, आता रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया. बाळूदादा, हाही अ‍ॅपवर त्या नावानं शोधा.

पण पुण्यात कॅम्पात १९९२ पासून एक इराणी कुटुंबाचं बर्गर किंग आहे! अमेरिकेच्या कंपनीनं २०११ ला नावासाठी दावा लावला आणि २०२४ ला पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला, कारण हे दुकान भारतात त्यांच्या कितीतरी आधीपासून हे नाव वापरत होतं. लगेच ते उच्च न्यायालयात अपिलात गेले. ऑस्ट्रेलियात सुद्धा नाव आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं म्हणून तिथं ह्यांना हंग्री जॅक्स नावानं धंदा करावा लागतो. नावावरच सगळा बाजार आहे म्हणल्यावर एवढं लढणारच.

आणि एवढं सगळं वाचून मला भूक लागलीय, ती निलंगा राईसची. त्याची चेन कोणी काढत नाही, हा खरा प्रश्न आहे. गाड्यागाड्यावर चव वेगळी, तेल वेगळं, कोण कोणाला रॉयल्टी देणार.

गोदाकाठचा_बाळू

मंडळी, डोक्यात उजेड पडला. आर्टिकल दादा, आता एवढं सांगा, घेऊ का न्हाई?

लातूरचा_आर्टिकल

टीप मी देत नसतो, बाप म्हणाला तरी देत नाही. पण बघायचं काय ते सांगतो. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढा, त्यात रॉयल्टी किती टक्के आणि पुढं वाढणार आहे का ते शोधा, ज्युबिलंटची साधारण ३ टक्क्याच्या आसपास असते, दुसऱ्यांची वेगळी. मग मूळ ब्रँडबरोबरचा करार किती सालापर्यंत आहे ते बघा, कारण बटईदाराचं सगळं त्या कागदावर असतं, दिल्लीचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. आणि जुन्या दुकानांची विक्री वाढतेय का नुसती नवी दुकानं काढून आकडा फुगलाय ते वेगवेगळं दिलेलं असतं. रविवारची रांग बघून नका घेऊ. मंगळवारी दुपारी चार वाजता जाऊन बघा किती खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि कापसाच्या पैशातलं आधी सोसायटीचं कर्ज भरा.

गोदाकाठचा_बाळू

सोसायटीचं भरलं की हो, मार्चच्या आधीच.

दाजीला फोन लावून सगळं सांगितलं, हार्डकॅसल, सोनबोर्न, बीटल, सगळं. दाजी म्हणले मला माहीतच होतं, तुला शोधायला लावायचं होतं. मग म्हणले ते बिल हाय ना, कितीचं होतं? त्या दिवशी पैसे त्यांनीच दिलते. ६८४ म्हणलं. म्हणले, ठिव जपून, मंगळवारी चारला सुट्टी टाकतो, ये पुण्याला, पण ह्या वेळी तू द्यायचे.